कातळ लागेपर्यंत

चौतीस वर्षे मी पुण्यात इमारतींचे पाये खणवून घेतले. आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, किती इमारती उभ्या केल्या? तो आकडा सांगता येत नाही. खड्डे मात्र एकेक आठवतात.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे तीन प्रकार पाठ केले होते : अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. शेजारी एक चित्र होते आणि त्यात एका खडकाकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण. परीक्षेत मी ते चित्र बाणांसकट काढले, गुण मिळवले आणि विसरून गेलो. त्या बाणांचा अर्थ लागायला पुढची बरीच वर्षे गेली. जसे कळत गेले त्याच क्रमाने लिहितो आहे.

१. लागलेला प्रत्येक दगड कातळ नसतो.

नोकरीचे दुसरे वर्ष. कोथरूडला एका साइटवर खोदाई चालली होती. आठ फुटांवर पहार अडकली. मी खाली उतरलो. दगड काळा, घट्ट. पहार मारली की ठिणगी उडत होती. वहीत ‘कठीण खडक’ असे लिहिले आणि फूटिंगच्या तयारीला लागलो. खोदाईच्या टोळीत वडार समाजातले एक वयस्कर मामा होते, पिढ्यान् पिढ्या दगडात काम केलेल्या घरातले. काठावरूनच म्हणाले, “साहेब, घाई नगा करू. गोटा हाय ह्यो.”

मग ते उतरले. घणाने त्या दगडावर दोन ठोके दिले. “ऐकलं का? बद्द वाजतंय. कातळ आसता तर खणखणला आसता.” मला काहीच फरक कळला नाही. त्यांनी बाजूने खणून घेतले तेव्हा तो दगड सगळा उघडा पडला. बैलगाडीएवढा, चहूबाजूंनी गोल, आणि त्याच्याखाली पुन्हा मुठीत कुसकरता येईल असा मुरूम. मी त्यावर खांब उभा करायला निघालो होतो.

मामांना जे कानाने कळले त्याचे कारण मी नंतर पुस्तकांतून शोधले. पुण्याचा हा काळा दगड म्हणजे थंड झालेल्या लाव्हाचा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. भेगांतून पाणी शिरते आणि दगडाच्या प्रत्येक ठोकळ्याला बाहेरून आत खात जाते. कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी काम करते, म्हणून कोपरे आधी जातात. ठोकळा गोल होतो, त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मध्ये असा एखादा गोटा शिल्लक राहतो. वेताळ टेकडीच्या उतारांवर किंवा नव्या रस्त्यासाठी कापलेल्या कडेला असे गोटे पुष्कळ दिसतात. मामांचा तो आवाज ओळखायला मला आणखी तीन-चार वर्षे लागली.

२. मुरूम म्हणजे वाटेवरचा दगड.

पुण्यातल्या खड्ड्याची भिंत साधारण ठरलेली असते. वर काळी माती, तिच्यात किंवा तिच्या तळाशी चुनखडीचे पांढरे खडे, खाली पिवळसर-तांबूस मुरूम, मग मऊ खडक आणि शेवटी कठीण खडक. कंत्राटात या प्रत्येकाला वेगळा दर असतो, त्यामुळे मी कित्येक वर्षे त्यांना पाच वेगवेगळ्या वस्तू समजत होतो. काळी माती कुठून तरी वाहत आली, मुरूम कुणी तरी भरला, अशीच काहीशी कल्पना.

एकदा धायरीकडे भरपावसात काम बंद पडले आणि मी तासभर खड्ड्याच्या काठावर थांबलो. समोरच्या ओल्या भिंतीवर एक भेग स्पष्ट दिसत होती. खालच्या कठीण खडकात ती केसाएवढी होती. मऊ खडकात बोटभर झाली होती आणि तिच्या कडा गंजल्यासारख्या. मुरमात तिच्या आजूबाजूचे सगळेच भुसभुशीत. वर मातीत ती नाहीशी. पाच दरांची ती भिंत एकच दगड होती. तळाशी अजून दगड, माथ्यावर माती होऊन गेलेला.

बेसाल्टमध्ये मुख्यतः फेल्स्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे असतात. ती हजार-अकराशे अंशांच्या उष्णतेत जन्मली. पावसाचे पाणी, हवा, झाडांची मुळे यांच्या सहवासात ती टिकून राहू शकत नाहीत. फेल्स्पारची चिकणमाती होते. लोह गंजते आणि मुरमाला तांबूस रंग येतो. कॅल्शियम पाण्यात विरघळून खाली झिरपते आणि चुनखडीचे खडे होऊन पुन्हा जमते. हेच खडे भाजून चुना करत. चुन्याच्या घाणीत मळलेल्या त्या चुन्यावर पेशवाईतले वाडे उभे राहिले. वाड्याचे जोते बेसाल्टचे आणि त्याचे सांधे भरले बेसाल्टमधूनच निघून गेलेल्या कॅल्शियमने, हे लक्षात आले त्या दिवशी शनिवारवाड्याच्या तटाजवळून जाताना मी मुद्दाम थांबलो होतो.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून तिच्यावर पाया घालत नाहीत. घातला तर भिंतींना तिरक्या भेगा जातात. मला वाटते, ‘पक्के’ आणि ‘कच्चे’ हे शब्द आपण जमिनीला फार घाईने लावतो.

३. दगड बदलायला नुसता काळ पुरत नाही, पाणी लागते.

जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे आठव्या शतकात कोरले. बाराशे वर्षे उलटून गेली, तरी छताखालच्या खांबांच्या कडा धरून आहेत. आणि जमिनीखाली सतत ओल असलेल्या जागी त्याच जातीचा दगड फावड्याने निघतो.

याच दगडाला आणखी पाणी दिले तर काय होते ते पाहायला महाबळेश्वरला जावे. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस. तिथे साडेपाच हजारांच्या वर. उष्ण, दमट हवेत प्रदीर्घ काळ एवढे पाणी झिरपले की बेसाल्टमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका वाहून जाते. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम, आणि तयार होतो जांभा. पाचगणीचे टेबललँड, कासचे पठार, कोकणातला सडा ही सगळी त्याचीच रूपे. कोल्हापूरच्या पठारांवर ॲल्युमिनियम जास्त साठले, तिथे बॉक्साइटच्या खाणी झाल्या.

रत्नागिरीला एका कामासाठी गेलो असताना खाणीतून निघालेला जांभ्याचा चिरा मी पहिल्यांदा हाताळला. ओला होता तोवर कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासला जात होता. हवेत राहिला की तो घट्ट होत जातो, असे तिथले कारागीर सांगत होते आणि ते खरेच आहे. आमचा काळा दगड हवेपाण्याने मऊ होतो, त्याचा हा वंशज हवेनेच कठीण होतो. पुण्याच्या माणसाला हे पटायला एक चिरा हातात धरावा लागतो.

४. लाल पट्टा दिसला की थांबायचे.

कात्रजच्या बाजूला एका साइटवर कठीण खडक लागला, आवाजही खणखणीत आला. मीही आता कान तयार झालेला माणूस होतो. तरी नेहमीप्रमाणे आणखी खाली बोअर घेऊन पाहिला, तेव्हा नळीतून विटेच्या रंगाचा चिखल वर आला. आमच्या दीड मीटर घट्ट दगडाखाली लाल मातीचा थर होता. दगडावर दगड असायला हवा तिथे माती कशी, हे त्या वेळी कुणालाच सांगता येईना. मालकांनी ‘तेवढ्याने काय होते’ म्हटले. मी आराखडा बदलून घेतला, वेळ गेला, बोलणीही खाल्ली. आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो, कारण ओला झाल्यावर असा थर फुगतो, सरकतो आणि त्यातून पाणीही पाझरते.

ती माती तिथे कशी आली, ही या सगळ्यातली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहिला. एकदाच वाहून थांबला नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, मग विश्रांती. ती कधी थोडी, कधी खूप मोठी. त्या विश्रांतीत पाऊस पडायचा, दगडाचा मुरूम व्हायचा, मुरमाची माती व्हायची. मग पुढचा लाव्हा यायचा आणि त्या मातीवरून वाहत जायचा. खालची माती भाजून निघायची. वीटभट्टीत जे काही दिवसांत होते तेच. सगळेच लाल थर असे झालेले नाहीत, काहींत ज्वालामुखीची राखही आहे. पण पुष्कळ ठिकाणी ही त्या काळातली जमीनच आहे. घाटातल्या कापलेल्या कड्यांकडे गाडीतून पाहिले तर दोन काळ्या थरांच्या मध्ये हातभर किंवा पुरुषभर जाडीचा लाल पट्टा दिसतो. दगड, त्याची माती, ती भाजली, तिच्यावर पुन्हा दगड. शाळेच्या चित्रातले अर्धेअधिक बाण एवढ्या पट्ट्यात.

या थरांमुळेच सह्याद्रीला पायऱ्या आल्या. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे. भूशास्त्रज्ञांनी थरांचे गट बांधून त्यांना नावे दिली, त्यांत कार्ले आहे, इंद्रायणी आहे, दिवेघाट आहे, पुरंदरगड आहे. सासवडला जाताना दिवे घाट चढणारी एसटी लाव्हाच्या जिन्यावरूनच जाते.

५. पोकळी मोकळी राहत नाही.

वाघोलीच्या खाणींतून आमची खडी यायची. तिथल्या एका कामगाराने एकदा मला फुटलेला दगड दिला. आत मुठीएवढी पोकळी आणि तिच्यात पांढऱ्या, गुलाबीसर स्फटिकांची गर्दी. लाव्हात अडकलेल्या वाफेचे हे बुडबुडे. दगड घट्ट झाल्यावर त्यांतून गरम पाणी फिरले आणि त्याने दगडातूनच घेतलेली द्रव्ये इथे स्फटिकरूपाने ठेवली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट अशी त्यांची नावे, झिओलाइट हे कुळाचे नाव. वाघोलीच्याच खाणींतून गडद निळ्या कॅव्हन्साइटचे नमुने निघाले आणि जगभरच्या संग्रहालयांत गेले. ज्यांना हे सगळे नीट मांडलेले पाहायचे असेल त्यांनी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक दिवस काढावा.

मी बराच काळ यांना दगडाचे दागिने समजत होतो. नंतर वाचनात आले की पुरलेल्या लाव्हात झिओलाइट तयार होणे ही भूशास्त्राच्या हिशेबात रूपांतराची अगदी पहिली पायरी. म्हणजे ज्याला आपण शुद्ध अग्निजन्य म्हणून पाठ केले त्या पुण्याच्या दगडाने तिसऱ्या प्रकाराकडे पाऊल टाकलेले आहे. क्रशरमध्ये असे किती स्फटिक रोज खडी होऊन जातात, याची मला हळहळ वाटते.

६. नवा खडक आपल्या नद्यांच्या काठीही बनतो.

‘गाळाचे खडक विदर्भात, पुण्यात नाहीत’ असे मी खुशाल सांगत असे. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरीला गेलो आणि ते बोलणे सोडले. नदीने कापलेल्या दरडीत बेसाल्टचे गोल गोटे आहेत. चुन्याच्या पाण्याने ते असे सांधले आहेत की हातोडा मारला तरी सुटत नाहीत. चुना बेसाल्टमधला, गोटेही बेसाल्टचे आणि झालेला खडक मात्र गाळाचा. त्याच परिसरात फिकट राखेचा थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून आलेली. टोबाच्या कोणत्या स्फोटातली, यावर संशोधकांत मोठा वाद झाला. काही जण सुमारे ७४ हजार वर्षे म्हणतात, काही कित्येक लाख वर्षे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे आदिमानवाची दगडी हत्यारे अभ्यासली, म्हणून तर त्या राखेच्या वयाला एवढे महत्त्व.

कुकडीच्याच प्रवाहात पुढे पारनेर तालुक्यातले निघोज लागते. तिथले रांजणखळगे पाहिल्यावर दगडाचा गाळ कसा होतो हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात, कातळ घासतात, स्वतःही झिजतात. तिथला चुरा घोड नदीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि धरणांनी अडवले नाही तर बंगालच्या उपसागरात. उजनी धरणाच्या तळाशी साचतो आहे तो आपल्याच टेकड्यांचा चुरा.

७. तिसऱ्या प्रकारासाठी घराबाहेर जायला नको, पण खाली फार खोल जावे लागते.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघरात शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात काळा कडप्पा, देवघरात पांढरा संगमरवर आणि उंबऱ्याच्या पायऱ्या पुण्याच्या काळ्या दगडाच्या. कलबुर्गीकडची शहाबादी आणि आंध्रातला कडप्पा हे दोन्ही प्राचीन उथळ समुद्रांत साठलेले चुनखडक, प्राणी निर्माण होण्याच्याही आधीचे. मकराण्याचा संगमरवर एके काळी असाच चुनखडक होता. तो खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला. त्यातले बारीक कण नव्याने जुळून मोठे झाले आणि म्हणून त्याला ती साखरेसारखी चकाकी आली. नाते तपासायचे असेल तर लिंबू पुरते. आई कडप्प्यावर लिंबू कापू देत नसे, संगमरवरावर पंचामृत सांडले तर लगेच पुसायला लावी. आम्ल दोघांनाही सारखेच खाते. आजच्या ओट्याचा ‘काळा ग्रॅनाइट’ मात्र लिंबाला दाद देत नाही. तो बहुधा ग्रॅनाइट नसतोच. जमिनीखाली सावकाश थंड झालेला, आपल्या बेसाल्टचा सख्खा भाऊ असतो.

बेसाल्ट स्वतः खोल गेला तर त्याचे काय होते, ते कोलारला दिसते. तिथले सोने ज्या काळ्या-हिरवट रूपांतरित खडकांत सापडले ते मुळात अतिप्राचीन लाव्हाच. दुसरे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. लोणारला अशनी आदळला, त्या धक्क्याने बेसाल्टमधल्या काही फेल्स्पारचे न वितळताच काचेत रूपांतर झाले. क्षणार्धात. ‘रूपांतराला कोट्यवधी वर्षे लागतात’ हे वाक्य लोणारच्या काठावर उभे राहून म्हणता येत नाही.

आणि आपल्या पायाखाली? १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र पाडले, तेव्हा बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी कराडजवळच्या संस्थेने त्या परिसरात तीन किलोमीटरपर्यंत छिद्र नेले. किलोमीटरभराच्या आसपास लाव्हाचे थर संपतात आणि खाली ग्रॅनाइट व पट्टेदार नाइस लागतो. दख्खनचा जुना, रूपांतरित तळ. ‘कातळ लागला’ असे मी आयुष्यभर म्हणत आलो. तो त्या तळावर पसरलेला वरचा थर होता.

८. आपणही दगड घडवतो, आणि त्याची जबाबदारी आपली.

वाघोलीची खडी, दगड भरडून केलेली क्रश सँड आणि चुनखडक भाजून केलेले सिमेंट. काँक्रीट म्हणजे बोरीच्या दरडीतला तो सांधलेला खडकच. तिकडे हजारो वर्षे लागली, इथे अठ्ठावीस दिवसांत ताकद मोजतो. मी सुरुवातीच्या काळात उभ्या केलेल्या दोन इमारती आता पुनर्विकासासाठी पाडल्या. त्यांचा राडारोडा कुठे गेला याची चौकशी केली, पण नीट उत्तर मिळाले नाही. मुठेच्या पात्रात रात्री डंपर रिकामे होतात हे शहराला माहीत आहे. ते थांबले पाहिजे. तोच माल पुन्हा भरडून वापरता येतो.

टेकडीफोडीबद्दलही माझे मत आहे. टेकडीच्या उतारावरचा मुरूम पावसाचे पाणी आत घेतो, भेगांतून खाली पोहोचवतो आणि कुठे तरी झऱ्याला, विहिरीला देतो. मी स्वतः पोकलेन लावून असे उतार कापले आहेत. त्या वेळी मला तो फक्त कमी दराचा खडक दिसत होता. आज कुणी विचारले तर मी नको म्हणून सांगतो.

९. दगड कुठे जातो ते मोजायचे असेल तर पाटा पाहावा.

आमच्या घरी आजीच्या लग्नातला पाटा आहे, बेसाल्टचा. लहानपणी गल्लीत ‘पाट्याला टाकीऽऽ’ अशी हाक आली की आई तो दारात काढून ठेवायची. बाई छिन्नी-हातोडीने त्यावर ओळीने बारीक टाके घालायची, कण उडायचे. मग आई तो धुऊन त्यावर आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायची आणि नंतरच चटणी. वर्षभरात पाटा पुन्हा गुळगुळीत. पुन्हा टाकी.

परवा त्याची जाडी मोजली. कडेला साडेतीन इंच, मधोमध सव्वादोन. एवढ्या वर्षांत मधला सव्वा इंच दगड गेला. काही टाकीखाली उडाला, काही तांदळाबरोबर मोरीत वाहिला. उरलेला लसणीच्या, तिळाच्या, कारळाच्या चटणीतून आजोबांच्या, वडिलांच्या, आम्हा पाच भावंडांच्या ताटात आला. सून मिक्सर वापरते, पण रविवारी पाटा मांडायला सांगते. ठेचा त्यावरच चांगला होतो, असे तिचे म्हणणे.